नातीच्या निवेदनातले माझे वाक्य

अप्पा, आज सकाळी माझ्या नातीने मला एक कागद वाचून दाखवला. त्यातले एक वाक्य तुमच्या-माझ्याविषयी आहे आणि ते खोटे आहे. उद्या सकाळी हैदराबादला विमानदुरुस्तीच्या कारखान्यात ती चौकशी समितीपुढे उभी राहील, तेव्हा हा कागद तिच्या हातात असेल. तिचे प्रशिक्षण पुढे चालू ठेवायचे की तिला घरी पाठवायचे, हे त्यावरून ठरेल. कागदावर असे लिहिले आहे की तिचे आजोबा सोलापूरच्या गिरणीत वायरमन होते, एकदा त्यांच्या हातून चूक झाली आणि त्यांनी ती त्याच दिवशी साहेबांपुढे स्वतः कबूल केली. बाकीची वाक्ये खरी आहेत. हे एक मी तिला दिले, आणि तिने विश्वासाने लिहून घेतले. चारच्या गाडीने ती निघणार आहे. आता सव्वाबारा झाले आहेत. तोवर तिला खरे सांगणे भाग आहे, आणि ते सोडून मी तुम्हाला लिहीत बसलो आहे.

तुम्ही मला 'तम्मा' म्हणत होता. मी तुमचा धाकटा भाऊ नव्हतो, तुमच्या नात्याचा किंवा पेठेचाही नव्हतो. परंतु अक्कलकोटकडच्या तुमच्या कानडी बोलीत प्रत्येक धाकट्याला ते नाव मिळत असे, आणि पहिल्याच दिवशी ते मलाही मिळाले. गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात मी बदली कामगार म्हणून आलो, तेव्हा माझे लग्न होऊन चार महिने झाले होते. खात्यात तुम्ही हेडवायरमन. तीस वर्षे तुम्ही वीज हाताळली होती, आणि तुम्हाला अक्षर येत नव्हते. खात्याची वही कोण लिहिणार, असा प्रश्न निघाला. मी उभा राहून म्हणालो, "मी चौथी उत्तीर्ण आहे." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. वही माझ्यापुढे सरकवून म्हणालात, "लिही बगू तम्मा, लाइन बंद, लाइन चालू. आन् अक्शार असं काड की सायबाला चष्मा लागू नये." तेव्हापासून वही माझी झाली. माझ्या अक्षराचा मला गर्व होता, आणि अजूनही आहे. चौथीनंतर शाळा सुटली तरी शुद्ध लिहिणे मी सोडले नाही. बोलतानाही मी वाक्य अर्धे टाकत नाही. नातवंडे त्यावरून माझी थट्टा करतात.

त्याच दिवशी तुम्ही मला खात्याचा नियम सांगितला होता. ज्याला मोटारीत हात घालायचा असेल त्याने पेटीतले तिन्ही फ्यूज स्वतः काढायचे आणि स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. काम संपल्यावर ते बसवायचेही त्यानेच. साहेब आला, मालक आला, गिरणीला आग लागली, तरी दुसऱ्याने त्या रिकाम्या घरांना हात लावायचा नाही. तुम्ही म्हणाला होता, "खिशात फ्यूज हाय म्हंजी माजा जीव माज्याच खिशात हाय. तितं दुसऱ्याचा हात नको." तुमचा खाकी सदरा उजवीकडे नेहमी ओघळलेला असे, कारण चिनी मातीचे ते तीन फ्यूज चांगलेच जड असत.

आता नातीविषयी लिहितो, कारण तिच्या विद्येचे नाव तुमच्या काळी ऐकण्यात नव्हते. बारावी शास्त्र शाखेतून उत्तीर्ण झाल्यावर तिने जाहीर केले की विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रे दुरुस्त करण्याचे शिक्षण घ्यायचे आहे. वैमानिक ज्यातून बोलतो तो रेडिओ, वाट दाखवणारी यंत्रे, उंची आणि वेग सांगणारे पडदे, आणि ह्या सर्वांना जोडणाऱ्या मैलोगणती तारा, हे सारे त्यात येते. शेजारच्या बाई आमच्या सुनेला म्हणाल्या, "अगं, पोरीची जात. इमानाच्या पोटाखाली उताणी पडून स्क्रू पिळणार व्हय? लग्नात काय सांगशील?" नात आतून ओरडली, "काकू, सांगा की मुलगी वर बघून काम करते!" मुलगा मात्र गंभीर होता. शिक्षणाला लागणाऱ्या वर्षांची त्याला धास्ती होती. शेवटी आम्ही तिघे हैदराबादला संस्था पाहण्यास गेलो. टेबलामागे टाय लावलेला एक तरुण होता. त्याने आमच्यापुढे रंगीत पत्रक ठेवले. "कोर्स झाला की लगेच जॉब, सर. हंड्रेड परसेंट."

मी विचारले, "काम झाल्यावर सही करून विमान सोडण्याचा परवाना कोण देतो? आपण की सरकार?"

"परवाना सरकार देतं, काका. पण आपलं सर्टिफिकेट..."

"म्हणजे आपण परीक्षेला बसवणार. उत्तीर्ण करणे आपल्या हाती नाही."

"तसं... नाही."

"मग शंभर टक्के हे शब्द आपण पत्रकावरून काढावेत."

मुलगा कुजबुजला, "बाबा, पुरे." नातीने तोंड खिडकीकडे वळवले होते, आणि तिचे खांदे हलत होते. खरी माहिती आम्हाला पुढे व्हरांड्यात मिळाली. सैन्याच्या विमानांवर आयुष्य काढलेले एक वयस्क शिक्षक तेथे भेटले. त्यांनी काहीही गोड करून सांगितले नाही. ते म्हणाले, वर्गातला अभ्यास हा अर्धाच भाग आहे. सरकारी परीक्षेचे पेपर एकेक करून सोडवावे लागतात आणि पुष्कळांचे ते वर्षानुवर्षे अडकून राहतात. त्याशिवाय चालू विमानावर प्रत्यक्ष काम करून त्याची नोंद वहीत भरावी लागते, आणि ती संधी मिळवणे सर्वांत कठीण आहे. ती मिळाली तर नागपूर, हैदराबाद, बंगळूर, कोठेही काम आहे, कारण विमाने वाढत आहेत आणि जाणते हात कमी आहेत. परंतु सुरुवातीची वर्षे दुसऱ्याच्या सहीखाली काढावी लागतात. स्वतःच्या सहीचा अधिकार फार उशिरा येतो. तोवर थकून कित्येक जण दुसरा व्यवसाय धरतात. मग त्यांनी नातीकडे पाहून विचारले, "थकशील का?" ती म्हणाली, "थकेन, सर. पण जाणार नाही." मी त्याच क्षणी मनात होकार दिला. मुलाने द्यायला आठ दिवस घेतले.

दुसऱ्या वर्षी तिला कारखान्यात प्रत्यक्ष कामाची जागा मिळाली. सुट्टीत आली की ती मला सांगत असे आणि मी ऐकत असे. यंत्रातल्या विद्युत-पाटीला, म्हणजे तिच्या भाषेत सर्किट बोर्डला, हात लावण्यापूर्वी ती मनगटाला पट्टा बांधते आणि त्याची तार जमिनीला जोडते. आपल्या अंगावरची जी वीज आपल्याला जाणवतही नाही, ती त्या नाजूक पाटीला मारू शकते. आपण वीज माणसाला लागेल म्हणून भीत होतो, अप्पा; तेथे माणूस यंत्राला लागेल म्हणून भितात. आणखी एक गोष्ट तिने सांगितली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. विमानात फ्यूजऐवजी काळ्या बोंडांच्या रांगा असतात. बोंड बाहेर ओढले की त्या यंत्राची लाइन बंद होते. ओढलेल्या बोंडाच्या मानेत लाल कडे अडकवतात आणि आपल्या नावाची चिठ्ठी लावतात. ते कडे ज्याने लावले त्यानेच काढायचे. "दुसऱ्या कुणी हात लावला तर?" मी विचारले. ती म्हणाली, "तर त्याची नोकरी गेली समजा, आजोबा. आत कुणाचा तरी हात असतो ना." त्या वेळी मी तिला तुमचा खिसा सांगितला. तुमचा नियम सांगितला. पुढचे सांगितले नाही.

आता तिची चूक लिहितो. वीस दिवसांपूर्वी एका विमानाच्या पोटातल्या कप्प्यात रेडिओची पेटी पुन्हा बसवण्याचे काम तिच्याकडे होते. कामाचा छापील कागद असतो, त्यावर एकेका ओळीतले काम केल्यावर त्या ओळीपुढे सही करायची असते. पेटी बसवली, तारांच्या जोडण्या लावल्या, आणि जोडणीचे कुलूप हाताने ओढून घट्ट आहे का ते पाहायचे, ही ओळ राहिली असता तिला दुसऱ्या कामाला हाक आली. परत आल्यावर तिने सर्व ओळींपुढे एकदम सह्या केल्या. तिच्या वरच्या अभियंत्यानेही न पाहता सही केली. रेडिओची चाचणी झाली, तो बोलला, विमान गेले. दुसऱ्या दिवशी जेवताना तिला आठवले की ती एक ओळ तिने केलीच नव्हती. ताट तसेच टाकून ती अंगणात आली आणि तिने मला फोन केला.

"आजोबा, पप्पांना आत्ता सांगू नका हं." आणि मग सगळे सांगितले. "रेडिओ चालू आहे. विमान काल आणि आज चार वेळा उडलं. कुणालाच माहीत नाही. सांगितलं तर माझी जागा जाईल, आणि सरांनाही त्रास होईल. काय करू?"

मी म्हणालो, "सांग. आत्ता जा आणि सांग."

तिने विचारले, "तुमच्या हातून असं कधी झालं होतं?"

अप्पा, येथे मी 'झाले होते' एवढे म्हणून थांबलो असतो तरी चालले असते. परंतु मी म्हणालो, "झाले होते. माझ्यामुळे माझ्या हेडवायरमनच्या हाताला इजा झाली. मी त्याच दिवशी साहेबांपुढे उभा राहिलो आणि सांगितले."

"मग साहेब काय म्हणाले?"

"काही नाही. खरे बोलणाऱ्याला कोण काय म्हणणार?"

"थँक्यू, आजोबा," ती म्हणाली आणि गेली.

खरे काय घडले ते तुम्हाला लिहून सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु मी ते आजवर कोठेही लिहिलेले नाही. चैत्राचे दिवस आहेत. मागखात्यात पत्र्याखाली उभे राहवत नाही. एक मोटार जळाल्याचा वास येतो म्हणून तुम्ही फ्यूज काढून, खिशात टाकून, स्टुलावर चढला आहात. पेटी भिंतीच्या अलीकडे आहे आणि तुम्ही पलीकडे, मला दिसत नाही. मी वही घेऊन पेटीपाशी उभा आहे. त्या रांगेच्या मागांवरचा मुकादम, जॉबर, तावातावाने येतो. "काय रं चौथी पास, वहीच लिव्हतो का लाइन बी देता येती? माजे बारा माग उभे हायती." मी म्हणतो, "अप्पा काम करीत आहेत." तो म्हणतो, "आप्पा च्या प्यायला गेला आसंल की. आप्पाला इचारल्याबिगर तुला हात लावायची परवानगी न्हाय म्हन. तसं सांग की सरळ!" दोन मागवाले हसतात. मी कपाट उघडतो, सुटे तीन फ्यूज घेतो आणि बसवतो. दांडा वर करतो. पलीकडून आधी उजेड आला आणि मग स्टूल पडल्याचा आवाज. पेटीतली तिन्ही घरे रिकामी होती, म्हणजे फ्यूज तुमच्या खिशात होते, म्हणजे तुमचा हात मोटारीत होता. हे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते, असे मी कित्येक वर्षे स्वतःला सांगत आलो.

तुम्ही शुद्धीवर होता. उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. लोक पाणी आणण्यास धावले, तेव्हा तुम्ही डाव्या हाताने खिशातून ते तीन फ्यूज काढले आणि माझ्या हाती दिले. "तुजं काड, हे बसव. सायब यायच्या आत." मी तसाच उभा होतो. तुम्ही म्हणालात, "तम्मा, तू बदली हायेस. मी कायम हाय. मला काडत न्हायती. बसव की लवकर." मी बसवले. अभियंता साहेब आले तेव्हा पेटीत तुमचेच फ्यूज होते, आणि तुम्ही त्यांना सांगितले, "मीच इसरलो सायब. फ्यूज काडलंच न्हवतं."

तिसऱ्या दिवशी इस्पितळात अहवाल लिहिण्यास मीच आलो, कारण वही माझी होती. तुम्ही सांगत गेलात आणि मी लिहीत गेलो. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्या कुनाची बी चूक न्हाय." मी ते शुद्ध करून लिहिले, 'यात अन्य कोणाचाही दोष नाही.' भाषा मी सुधारली, अप्पा. खोटे मात्र जसेच्या तसे ठेवले. खाली तुमच्या डाव्या हाताचा अंगठा घेतला. साहेबांनी तो कागद पाहिला आणि म्हणाले, "अक्षर सुंदर आहे हो." माझ्या अक्षराची इतकी मोठी स्तुती त्याआधी कोणी केली नव्हती. मी मान झुकवून आभार मानले.

दोन महिन्यांनी तुम्ही कामावर आलात तेव्हा उजव्या हाताची दोन बोटे वळत नव्हती. विसराळू माणसाकडे खाते ठेवता येत नाही, असे ठरले आणि तुम्हाला मीटरच्या खोलीत आकडे पाहण्यास बसवले. ते आकडेही तुम्ही तोंडी सांगायचे आणि मी लिहायचे. एके दिवशी मी दार लावून घेतले आणि म्हणालो की मी साहेबांना सांगतो. तुम्ही त्या एकदाच माझ्यावर रागावलात. "आता सांगून माजी बोटं वळनार हायती व्हय? तुजी नोकरी जाईल, आन् माजा अंगठा खोटा ठरंल. येक तरी धड राहू दे. गप काम कर." मी गप काम केले. तीन वर्षांनी तुमची हेडवायरमनची जागा मला मिळाली. तुम्ही पेढा अर्धा मोडून अर्धा मला दिलात.

परंतु मला सर्वांत जड जाते ती शुक्रवार पेठेतली दुपार. तुम्ही मला जेवायला नेले होते. दोन खोल्यांचे घर, स्वयंपाकघरात चूल आणि पाटा, आणि चुलीपुढे तुमच्या घरच्या, अव्वा. त्यांनी तुमच्या ताटात कडक भाकरी चुरून आमटी घातली, कारण तुम्हाला ती मोडता येत नव्हती. मला म्हणाल्या, "बग की रं तम्मा. तीस वर्सं लाइनीत काडली, आन् फ्यूज काडायला इसरले म्हनं! मी इचारते, ध्यान कुटं हुतं? तर बोलत न्हायती." मग तुमच्याकडे वळून, "सांगा की आता तरी. कुनाची याद आली हुती?" त्या हसत होत्या, परंतु डोळे हसत नव्हते. तुम्ही ताटातून मान वर केली नाही. "अगं, त्याला वाड की. शेंगाची चटनी दे, दही दे." मी जेवलो. दुसऱ्यांदा वाढून घेतले. तुम्ही मला गप राहण्यास सांगितले होते ते नोकरीपुरते. त्या चुलीपुढे गप राहा, असे तुम्ही सांगितले नव्हते. ते माझे मी केले. नवऱ्याने आपला हात निष्काळजीपणाने घालवला, असे मानून त्या माउलीने उरलेली वर्षे तुमच्या ताटात भाकरी चुरली. तुम्ही गेलात त्या दिवशी घराबाहेर बसलेल्यांत मी होतो. गिरणीतला एक जुना माणूस म्हणाला, "देवमानूस. येकदाच चुकला बिचारा." सर्वांनी माना हलवल्या. माझीही हलली. पुढे अव्वाही गेल्या. गिरणी कायमची बंद झाली आणि ती वही कोठे गेली हे कोणास ठाऊक नाही. आता हे जाणणारा मी एकटाच आहे, म्हणून मला वाटले की यातले काय झाले हे ठरवण्याचा अधिकारही माझा आहे. फोनवर मी तोच अधिकार वापरला.

नातीने सांगितले, अप्पा. माझ्यासारखे नाही, खरोखर सांगितले. विमान जेथे उतरले तेथे लगेच ती जोडणी उघडून पाहण्यात आली. ती घट्ट होती. कुलूप नीट बसलेले होते, काहीही बिघडलेले नव्हते. परंतु न केलेल्या कामापुढे सही झाली होती, म्हणून तिला कामावरून दूर करून घरी पाठवण्यात आले, आणि तिच्या अभियंत्यालाही थांबवण्यात आले. माझा मुलगा पंधरा दिवस माझ्याशी धड बोललेला नाही. परवा बोलला. "बाबा, जोडणी घट्टच निघाली ना? ही गप बसली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? तुम्हाला काय, तुमचा जमाना वेगळा. तुम्ही सांगितलंत आणि साहेबांनी पाठ थोपटली. आजकाल असं असतं का? पोरीची दोन वर्षं गेली तुमच्या शिस्तीपायी." नात म्हणाली, "पप्पा, मी पुन्हा तिथं असते तरी सांगितलंच असतं. आजोबांनी सांगितलं तेव्हा तरी त्यांना कुठं माहीत होतं साहेब काय करतील?" ती माझी बाजू घेत होती, आणि मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत होतो.

आज सकाळी तिने निवेदन इंग्रजीत पुरे केले आणि मला मराठीत करून वाचून दाखवले. काय केले, काय केले नाही, केव्हा आठवले, केव्हा सांगितले, एकेक गोष्ट तिने जागच्या जागी मांडली आहे. स्वतःला कोठेही सवलत दिलेली नाही. अभियंत्याचा दोष आपल्यापेक्षा मोठा करून दाखवलेला नाही. ऐकताना मला वाटले, ही लिहिते कशी, बघा. आणि हे मला कधीच लिहिता आले नाही. शेवटी ते वाक्य आले.

मी म्हणालो, "हे वाक्य आवश्यक आहे का?"

"आजोबा, तेच तर मेन आहे! त्याच्यामुळंच तर मी आत गेले. नाहीतर मी जिन्यातूनच परत फिरले असते. खरं सांगू? दोनदा फिरले होते."

"काढून टाकलेस तर निवेदन अधिक नेटके होईल."

"तुम्ही ना, उगाच लाजताय," ती म्हणाली आणि कागद पिशवीत घातला.

मी तेथून उठून या टेबलापाशी आलो. तिने न केलेल्या कामापुढे सही केली, एवढाच तिचा अपराध आहे. उद्या ती पुन्हा सही करील, आणि या वेळी माझ्याविषयीच्या, कधी न घडलेल्या गोष्टीखाली करील. ते तिला कधी कळणारही नाही, आणि समितीलाही कळणार नाही. चौकशी करण्यास कोणी उरलेलेच नाही. मुलगा म्हणतो त्या हिशेबाने यात कोणाचे काहीच बिघडत नाही. आणि मी खरे सांगितले, तर ती काय करील? कदाचित वाक्य काढील आणि उद्या रिकाम्या हाताने उभी राहील. कदाचित तिला वाटेल की ज्याच्या जोरावर आपण जागा पणाला लावली तो माणूस कधी अस्तित्वातच नव्हता. कदाचित ती पुन्हा मला आजोबा म्हणताना क्षणभर थांबेल. या वयात मला त्याचे भय वाटते, अप्पा. तिची जागा जाण्याचेही इतके भय वाटत नाही. हे लिहिताना लाज वाटली, तरी खोडलेले नाही.

एवढे मात्र कळते की त्या फोनवर मी जो मनुष्य तिला दाखवला तो तुमच्यातून उचललेला होता. उभे राहून स्वतःवर घेतले ते तुम्ही. मी ते कृत्य तसेच उचलले, त्यातले खोटे खरे केले आणि माझ्या नावावर चढवले. तुमची जागा मला गिरणीने दिली होती. ही दुसरी जागा मी स्वतःच घेतली. ती आज परत करायची आहे, आणि परत करण्यासाठी तिच्याखेरीज दुसरे कोणी माझ्यापाशी नाही. ती रागावली तर रागावू दे. परंतु कागद खरा घेऊन जाऊ दे.

दोन वाजत आले आहेत. सून तिला वाटेसाठी डबा भरून देत आहे, आणि चटणी जास्त नको म्हणून आत वाद चालला आहे. हे पत्र पाठवायचे नाही, हे मला प्रारंभापासून ठाऊक होते. हे तुमच्यासाठीही नव्हते. तिच्यापुढे जी वाक्ये उच्चारायची आहेत ती आधी तुमच्यापुढे म्हणून पाहिली, कारण तुम्ही मध्येच बोलणार नाही आणि तुमचा चेहरा मला दिसणार नाही. येथे तरी ती सर्व व्याकरणशुद्ध उतरली.

तिला हाक मारली आहे. "आले आजोबा, दोन मिनिटं," म्हणाली. तिच्याशी कोठून सुरुवात करावी, हे मला अजून सुचलेले नाही.